पैसा सातबाऱ्याला येतो

सकाळी ६

सेवा केंद्राचं शटर नऊला उघडतं, पण दिवस त्याआधीच सुरू झालेला असतो. नोव्हेंबर २०२५ चा शेवटचा आठवडा. पऱ्हाटीचा वेचा, तुरीचा फुलोरा, हरभऱ्याचं ओलित, संत्र्याच्या आंबिया बहाराची तोड, सगळं एकाच वेळी आलेलं. त्यात १९ तारखेला पीएम किसानचा एकविसावा हप्ता सुटला. कोइम्बतूरला बटण दाबलं गेलं आणि आष्टी तालुक्यातले मोबाईल वाजले. ज्यांचे वाजले ते वावरात गेले. ज्यांचे वाजले नाहीत ते मला फोन करतात.

"ताई, माह्या भावाले आले, मले काहून नाई?"

"रजिस्ट्रेशन नंबर पाठवा काकाजी. पाहून सांगते."

चहा उकळेपर्यंत दोघा-तिघांचं स्टेटस पाहून होतं. लँड सीडिंग म्हणजे जमिनीची नोंद जुळली का, ई-केवायसी म्हणजे माणूस तोच आहे का, आणि आधार बँक सीडिंग म्हणजे खातं आधारला जोडलंय का. तिन्ही ठिकाणी हिरवी खूण असली तर दोन हजार येतात. एक जरी लाल असली तर हप्ता अडतो. फोनवरच्या काकाजींची जमीन लाल. भावाभावांची वाटणी झाली, नवा सातबारा निघाला, पण पोर्टलवर अजून जुनाच गट नंबर आहे. "सातबारा, आठ-अ अन् आधार घेऊन या," एवढं सांगून मी फोन ठेवते.

सकाळी ९

टेबलावर कॉम्प्युटर, प्रिंटर, अंगठ्याचं मशीन, वेबकॅम. भिंतीवर दरपत्रक. बाहेर बाक, त्यावर आधीच चार माणसं. साहूरकडून, लहान आर्वीकडून, तळेगावहून येणारे लोक तहसील, कृषी कार्यालय, बँक आणि माझं केंद्र अशी फेरी एका दिवसात उरकायला बघतात. त्यांची परतीची एस.टी. ठरलेली असते, म्हणून माझी घाईही ठरलेली.

आमच्या आष्टीच्या नावापुढे 'शहीद' लिहितात. १६ ऑगस्ट १९४२ ला, नागपंचमीच्या दिवशी, इथल्या लोकांनी पोलीस ठाण्यावर मोर्चा नेला आणि गोळ्या झेलल्या. हेल्पलाइनवर बोलणाऱ्या पोराला हे माहीत असायचं कारण नाही. तो विचारतो, "आष्टी, जिल्हा बीड ना?" मी म्हणते, "वर्धा." पुन्हा सांगते, "वर्धा."

पहिल्या नंबरला एक म्हातारी. ई-केवायसी बाकी. मी तिचा अंगठा मशीनवर ठेवते. लाल दिवा. दुसरा अंगठा, पुन्हा लाल. कापूस वेचणाऱ्या बाईचा हात जवळून पाहिलाय का कधी? बोंड उकललं की त्याची वाळलेली टोकं सुईसारखी टोचतात. महिनाभर रोज वेचा केला की बोटांची कातडी आधी फाटते, मग निबर होते आणि रेषा बुजून जातात. ओल्या फडक्यानं बोटं पुसली, थोडं खोबरेल चोळलं, पुन्हा पुसली, एकेक बोट ठेवून पाहिलं. मशीन काही ओळखेना.

"सारी जिंदगी याच हातानं केलं माय," ती म्हणाली, "अन् हे मशीन म्हणते हात तुहा नाई."

मग पीएम किसानच्या अ‍ॅपवर चेहरा दाखवून केवायसी केली. ही सोय २०२३ पासून आहे. "डोळे मिटा, उघडा, पुन्हा मिटा," असं सांगताना बाकावरची माणसं हसली, म्हातारीही हसली. हिरवी खूण आली. माझे १५ रुपये झाले.

सकाळी १०.३०

नवराबायको दोघं आले. दोघांच्या नावावर वेगवेगळे सातबारे, दोघांनाही हप्ता सुरू होता, आता दोघांचाही थांबला. योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुलं, आणि एका कुटुंबात लाभ एकालाच. आता पडताळणी होईल, मग एकाचा सुरू होईल. "कोणाचा ठेवायचा?" मी विचारलं. नवऱ्यानं उत्तर द्यायला तोंड उघडलं, तोवर बायको म्हणाली, "माह्या नावाचा ठेवा." तो गप्प बसला. गेली पाच-सहा वर्षं वर्षाचे सहा हजार तिच्या खात्यात येत होते. ते पैसे तिनं कुणाला न विचारता खर्च केले असणार.

पुढचा माणूस तावातावानं आला. स्टेटसमध्ये पैसे जमा दाखवतात, पासबुकात नाहीत. आधारच्या साइटवर बँक सीडिंग पाहिलं. ज्या बँकेचं पासबुक त्याच्या हातात होतं तिचं नावच नाही. कधीतरी मोबाईलचं सिम घेताना अंगठा दिला होता, तेव्हा एक खातं उघडलं गेलं. आधारवर येणारा पैसा शेवटी जोडलेल्या खात्यात पडतो. याचे आधीचे हप्ते तिथेच साठले होते. एवढ्या वेळात पहिल्यांदा बाकावर कुणाचा चेहरा उजळला. सरकारी पैशात बचत झालेला माणूस क्वचितच दिसतो.

दुपारी १२

आता अतिवृष्टीच्या मदतीची कामं. ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारनं ३१,६२८ कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. जिरायती पिकाला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,०००, फळबागेला २२,५०० आणि रब्बीच्या बी-बियाण्यासाठी हेक्टरी १०,०००, मर्यादा ३ हेक्टर. पंचनामे झाले की याद्या चढतात आणि प्रत्येक शेतकऱ्याला एक विशिष्ट क्रमांक मिळतो. ज्याचा फार्मर आयडी झाला आहे त्याचं काम सोपं. बाकीच्यांना तो नंबर घेऊन केवायसी करावी लागते.

असाच एक नंबर कागदावर लिहून एक तिशीतला गडी समोर बसला. नंबर बरोबर होता, गाव बरोबर, क्षेत्र बरोबर. स्क्रीनवर आलेलं नाव मात्र त्याचं नव्हतं.

"हे कोण?"

"मालक. पुण्याले राह्यतात. वावर मी मक्त्यानं केलं."

मक्त्याचे पैसे त्यानं गुढीपाडव्यालाच मोजून दिले होते. बियाणं त्याचं, खत त्याचं, फवारणी त्याची, डवरणी-निंदणाची मजुरी त्याची. सोयाबीन शेंगात असताना पावसानं झोडपलं ते त्याचं. पंचनाम्याला माणसं आली तेव्हा चिखलात उभा होता तो. यादी मात्र सातबाऱ्यावरून होते, आणि सातबाऱ्यावर मालक.

त्यानं पुण्याला फोन लावला, स्पीकरवर ठेवला. "दादा, ओटीपी आला असल, सांगा जरा." मालक मीटिंगमध्ये होते. ओटीपीची मुदत संपली. पुन्हा पाठवला. तिसऱ्या खेपेला आकडे जुळले. मी प्रिंट काढून दिली. पैसे मालकाच्या खात्यात जाणार. ज्याचं पीक गेलं, त्यानं वेच्याच्या दिवसांत अर्धी मजुरी बुडवून दुसऱ्याच्या खात्यात पैसे पडायची तजवीज केली.

"देतील का ते?"

"निम्मे देतो म्हणे. माणूस चांगला हाय तसा."

मालकही खरंच वाईट नसेल. पण जिथे एकाच्या भलेपणावर दुसऱ्याची भरपाई अवलंबून असते, तिथे यंत्रणेत कुठेतरी एक रकाना कमी आहे.

दुपारी २

डबा खाताखाता हिशेब. गिऱ्हाईक नसलं की शेजारचा कृषी केंद्रवाला येऊन बसतो. त्याला मी विचारलं, दोन हजारांत काय येतं? त्यानं बोटांवर मोजलं. डीएपीचं एक पोतं १,३५० ला. युरियाची दोन पोती, २६६ रुपये ५० पैशांप्रमाणे ५३३. झाले १,८८३. उरले ११७, त्यात एस.टी.नं येणं-जाणं. केंद्राचे सहा हजार आणि नमो शेतकरी महासन्मान निधीतून राज्याचे सहा हजार, असे वर्षाला बारा हजार धरले तर अशा सहा खरेद्या होतात. कापसाच्या बीटी बियाण्याचं पाकीट यंदा ९०१ रुपयांना होतं, ते वेगळंच.

आता खरा मुद्दा. युरियाचं पोतं २६६ रुपयांना पडतं, कारण बाकीची किंमत सरकार कंपनीला देतं. दुकानात पॉस मशीनवर अंगठा लागला की ते अनुदान वळतं होतं. या पोत्यावर सकाळच्या म्हातारीचा अंगठा लागो, दुपारच्या मक्तेदाराचा लागो, किंमत तीच. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपाला २०२४ पासून वीजबिल माफ आहे. मीटर मालकाच्या नावावर असलं तरी मोटार जो चालवतो, ओलित त्याचं होतं. म्हणजे जे अनुदान वापराला चिकटलेलं आहे ते कसणाऱ्याच्या वावरापर्यंत जातं. जे नावाला चिकटलेलं आहे ते नाव जिथे राहतं तिथे जातं, मग ते पुणं असो की नागपूर.

सरकारची भाषणं नेहमी या दुसऱ्या प्रकाराबद्दल असतात, कारण त्याचं बटण दाबता येतं.

दुपारी ३

पीकविम्याची गर्दी अजून यायची आहे. हरभरा-गव्हाची मुदत १५ डिसेंबर, म्हणजे लोक चौदाला येतील. एक रुपयात विमा हा प्रकार २०२३ च्या खरिपापासून दोन वर्षं चालला, यंदाच्या खरिपापासून बंद झाला. आता खरिपाला दोन टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी पिकाला पाच टक्के हप्ता शेतकऱ्याचा. अर्जाचे माझे ४० रुपये विमा कंपनी देते, शेतकऱ्यानं द्यायचे नाहीत. तरी काही जण खिशात हात घालतात. त्यांना कुठेतरी तशी सवय लागलेली असते.

मक्त्यानं करणाऱ्यालाही विमा काढता येतो. नियमात तसं आहे. फक्त नोंदणीकृत भाडेकरार जोडावा लागतो. आमच्याकडे मक्त्याचा व्यवहार होतो ओट्यावर, चहा पिता पिता, दोन माणसांच्या साक्षीनं. फार झालं तर शंभराच्या स्टॅम्पवर. दुय्यम निबंधकाकडे जाऊन करार करायला मालक तयार होत नाही. त्याला भीती कुळाची. विदर्भासाठी १९५८ चा वेगळा कूळ कायदा आहे, आणि त्या कायद्यात ज्यांची वावरं गेली त्यांच्या गोष्टी घराघरात सांगितल्या जातात. म्हणून मालक कागद करत नाही, कागद नाही म्हणून विमा नाही, आणि ई-पीक पाहणीत, म्हणजे अ‍ॅपवरून होणाऱ्या पिकाच्या नोंदीत, फोटो कुणीही काढला तरी पीक चढतं खातेदाराच्याच नावावर.

गावचे सहायक कृषी अधिकारी फाईल घेऊन येतात. कालपरवापर्यंत यांना सगळे कृषी सहायक म्हणायचे, अजूनही म्हणतात. त्यांना २०२४ ची आठवण निघाली की घाम फुटतो. २०२३ च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनला पडलेल्या भावाची भरपाई म्हणून राज्यानं ४,१९४ कोटी ठेवले होते. २० गुंठ्यांपर्यंत सरसकट १,०००, त्यावर हेक्टरी ५,०००, दोन हेक्टरपर्यंत. प्रत्येकाचं संमतीपत्र घ्यायचं होतं आणि सामाईक खातं असेल तर सगळ्या हिस्सेदारांचं नाहरकतही. एक भाऊ सुरतेला, एक बहीण काटोलला दिलेली, एक आत्या वारलेली पण सातबाऱ्यावर अजून जिवंत. "पैसे होते पाच हजार, मॅडम," ते सांगतात, "अन् सह्या गोळा करायले लोकांचे दोन-दोन हजार गेले." शिवाय ज्यांनी ई-पीक पाहणी केली नव्हती त्यांची नावं मागे पडली. मग सातबाऱ्यावरच्या नोंदीही धरल्या गेल्या, पुन्हा याद्या, पुन्हा सह्या.

संध्याकाळी ५

वावरातून परतणाऱ्यांची वेळ. बाक पुन्हा भरतो. आता चर्चा भावाची. सोयाबीनचा यंदाचा हमीभाव ५,३२८. बाजारात क्विंटलमागे हजार रुपये कमी मिळाले तर दहा क्विंटलमागे दहा हजार गेले. दोन्ही सरकारांचे मिळून वर्षाचे बारा हजार इथेच जवळजवळ फिटले. कापसाचा हमीभाव लांब धाग्याला ८,११०. तो मिळवायचा तर 'कपास किसान' अ‍ॅपवर नोंदणी, सातबाऱ्यावर कापसाची नोंद, स्लॉट, आणि सीसीआयच्या, म्हणजे कापूस महामंडळाच्या, केंद्रावर आर्द्रता आठ टक्क्यांच्या आत. बारावर गेली की गाडी परत. त्यात केंद्रानं ऑगस्टमध्ये कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क डिसेंबरअखेरपर्यंत उठवलं. ऐन वेच्यात बाहेरचा कापूस आत आला.

कोपऱ्यात एक बाबाजी बसले होते. धोतर, टोपी आणि सदऱ्याला शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला. ऐंशीच्या दशकात शरद जोशींच्या मागे 'भीक नको, हवे घामाचे दाम' म्हणत आंदोलनं केलेला माणूस. त्यांचीही ई-केवायसी बाकी होती. एका पोरानं चिमटा काढलाच, "बाबाजी, भीक नको म्हणत होते ना?"

बाबाजी उठून माझ्या मशीनजवळ आले. अंगठा ठेवत म्हणाले, "हे भीक नोय. सरकारनं उणे सबसिडीनं माह्या खिशातून जे काढलं, त्याच्यातली चिल्लर वापस येऊन राह्यली."

पोरगं निरुत्तर झालं. उणे सबसिडी म्हणजे सरकारनं निर्यातबंदी, आयात, साठ्यावर मर्यादा अशा मार्गांनी भाव पाडून शेतकऱ्याकडून काढून घेतलेला पैसा. जोशींनी हे गणित गावोगावच्या ओट्यांवर समजावलं होतं. आमच्याच जिल्ह्यातल्या वायफडचे शेतकरी नेते विजय जावंधिया दुसऱ्या बाजूनं सांगत आले की अमेरिका आपल्या कापूस उत्पादकाला अनुदान देऊन जगाचा भाव खाली ठेवते आणि त्याची किंमत विदर्भातला शेतकरी मोजतो. याच वायफडला जून २००६ च्या अखेरीस तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग येऊन गेले आणि वर्ध्यासह विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. बाबाजींना ते सगळं तारीखवार आठवतं. त्यांचं म्हणणं एकच, भाव द्या अन् बाकी सारं बंद करा.

भावाचा एक मोठा गुण मलाही पटतो. खुल्या बाजारात माल विकताना काट्यावर कुणी सातबारा मागत नाही. मक्तेदार असो की वेचणारी बाई, माल ज्याचा, पैसा त्याचा. पण ज्याचं पीकच वाहून गेलं त्याला दहा हजारांचा भाव असला तरी काय उपयोग? त्याच्यासाठी खात्यात पडणारी मदतच लागते. म्हणून बाबाजींचं अर्धं मी मानते. उरलेल्या अर्ध्यासाठी माझं केंद्र उघडं असतं.

रात्री ८.३०

शटर ओढलं, दिवसाचा हिशेब वहीत उतरवला, घरी आले. जेवणं झाल्यावर सासऱ्यांचा फार्मर आयडी तपासला. कोणत्याही कृषी योजनेला तो नंबर यंदाच्या एप्रिलपासून सक्तीचा आहे. तालुक्याला फार्मर आयडी काढून देणारी मी, माझा स्वतःचा निघत नाही. रविवारी वेच्याला जाते, खताचा हिशेब ठेवते, फवारणीचं पाणी आणते, पण जमीन सासऱ्यांच्या नावावर. उद्या नवऱ्याच्या होईल. १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती, बायकांच्या नावावर जमीन करून द्या म्हणून. अनेक घरांनी ती मनावर घेतली. आमच्या घरानं घेतली नाही. सकाळी "माह्या नावाचा ठेवा" म्हणणारी बाई मला म्हणूनच आवडली.

शेतीची मदत दुसरीकडे कोणाच्या नावावर जाते, ते मी रिकाम्या वेळात वाचत असते. तेलंगणानं २०१८ मध्ये रयतु बंधू सुरू केली. एकरी ४,००० रुपये हंगामाला, पण जमीनमालकालाच. मक्तेदार तिथेही बाहेर. ओडिशानं त्यानंतर काही महिन्यांनीच कालिया योजना आणली आणि तिच्यात बटईदार आणि भूमिहीन मजूर दोघांना घेतलं. अमेरिकेत शेतीचं अनुदान काउंटीच्या कार्यालयातून ठरतं. तिथला नियम असा की पैसा पिकाची जोखीम उचलणाऱ्याला. रोख भाडं घेऊन मोकळा झालेला मालक त्या पैशाला पात्र नाही. दुपारचा गडी तिथे असता तर ओटीपी त्याच्याच फोनवर आला असता. तिथला मालक भाडं वाढवून त्यातला वाटा काढून घेतो असं म्हणतात, तेही खरं असेल. पण निदान कागदावर शेतकरी कोण, याचा घोळ नाही.

आपल्याकडे हे अवघड नाही. ई-पीक पाहणीचं अ‍ॅप २०२१ पासून राज्यभर आहे. वावरात उभं राहून फोटो काढल्याशिवाय त्यात पीक चढत नाही. म्हणजे त्या दिवशी त्या गटात कोण उभं होतं, हे फोनला कळतं. त्याच पानावर 'या हंगामात कसणारा' असा एक रकाना हवा, फक्त त्या हंगामापुरता. त्या नोंदीवरून कुळाचा हक्क लागणार नाही, असं कायद्यात स्पष्ट लिहा, म्हणजे मालकाची भीती जाईल. मग नुकसानीची मदत आणि विमा त्या नावावर द्या. पीएम किसान हवं तर मालकाकडेच राहू द्या.

तो रकाना आला तर माझं काम वाढेल. प्रत्येक हंगामाला नवं नाव, नवी केवायसी, नवी भांडणं. चालेल. अंगठा उमटत नसला तर चेहरा आहे, चेहऱ्यावर नाही जमलं तर पुन्हा अंगठा आहे. ज्याचं पीक गेलं त्याचंच नाव स्क्रीनवर येणार असेल, तर कितीही वेळा मशीन पुसायला मी तयार आहे.